नावाचे सांधे

डेटाबेसमधल्या एका रकान्याचं नाव आहे यूजर_आयडी. ब्राउझरमधल्या कोडपर्यंत पोचताना त्यातला अंडरस्कोर गळतो आणि 'आयडी'चा आय मोठा होतो. वेबपत्त्यात तेच नाव यूजर-आयडी म्हणून येतं. सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये अंडरस्कोर परत येतो, पण सगळी अक्षरं मोठी झालेली असतात. टाइपला तेच नाव द्यायचं ठरलं, तर ब्राउझरमधल्या रूपातलं पहिलं अक्षरही मोठं. स्नेक, कॅमल, कबाब, स्क्रीमिंग स्नेक आणि पास्कल ही अनुक्रमे या पाच रूपांची नावं प्रोग्रामरांच्या तोंडी कधीच रुळली आहेत. एका रूपातून दुसऱ्यात नेणारी फंक्शनं बहुतेक लायब्रऱ्यांच्या स्ट्रिंग-विभागात, म्हणजे मजकूर हाताळणाऱ्या भागात, एखाद्या कोपऱ्यात सापडतात.

त्या कोपऱ्यात सहसा कोणी रेंगाळत नाही. फंक्शन बोलवायचं, उत्तर घ्यायचं, पुढे जायचं. मला मात्र हा कोपरा फार मोलाचा वाटतो. फंक्टर, मोनाड, लॉ असले शब्द ऐकून दबून गेलेल्या कुणाला फंक्शनल प्रोग्रामिंगची ओळख करून द्यायला बसलो, तर मी सुरुवात इथूनच करतो. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना माहिती कुठे टिकते आणि कुठे सांडते, हा त्या सगळ्या विचारामागचा प्रश्न या एवढ्याशा कामात स्वच्छ दिसतो.

एक अडचण आधीच सांगतो. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नाही, त्यामुळे कॅमल केसमधलं नाव इथे लिहून दाखवता येत नाही. कुठलं अक्षर मोठं आहे ते शब्दांत सांगावं लागेल. या अडचणीचा विषयाशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

इतकी रूपं झालीच कशी? थोडी चिन्हांच्या तक्त्यामुळे, थोडी व्याकरणामुळे. 1963च्या अॅस्की तक्त्यात, म्हणजे संगणकातल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, आज अंडरस्कोर आहे त्या जागी डावीकडे तोंड केलेला बाण होता. 1967च्या आवृत्तीत तिथे अंडरस्कोर आला. स्मॉलटॉक ही भाषा तो बाण व्हेरिएबलला किंमत देण्यासाठी वापरत असे. शब्द जोडायला ते चिन्ह मोकळं राहिलं नाही आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून जोडायची रीत तिथे पक्की झाली. लिस्प भाषेत क्रिया कंसात सगळ्यांच्या आधी लिहितात. दोन नावांच्या मधोमध वजाबाकीचं चिन्ह येण्याचा प्रसंगच नसतो, म्हणून नावात आडवी रेघ खुशाल घालता येते. लिस्पच्या कुळातल्या क्लोजर भाषेपर्यंत ही चाल टिकली आहे. सी भाषेत तीच रेघ म्हणजे सरळ वजाबाकी, तिथे अंडरस्कोरच हवा. हास्केल या फंक्शनल भाषेने तर अक्षराचा आकार व्याकरणातच घेतला: लहान अक्षराने सुरू होणारं नाव फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं, मोठ्याने सुरू होणारं टाइपचं किंवा कन्स्ट्रक्टरचं. सगळ्यांनी एकच रूप पाळावं असा आग्रह कुणी धरला तरी तो पाळता येण्यासारखा नाही. रूपं राहणार, रूपांतरं लागणार.

आता ही रूपांतरं लिहायची कशी? पहिला विचार सरळ असतो: स्नेकमधून कॅमल, कॅमलमधून स्नेक, कॅमलमधून कबाब, अशी हवी तशी जोडी घ्यावी आणि प्रत्येक जोडीला एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) लिहावं. पाच रूपं असतील तर अशा 20 जोड्या होतात. सहावं रूप आलं की आणखी 10. हा मार्ग सोडून मध्ये एक थांबा घेतला, की चित्र बदलतं. माळ सोडवून मणी सुटे करावेत आणि मग हव्या त्या दोऱ्यात ओवावेत, तसं आधी नावाचे शब्द सुटे करायचे आणि मग हव्या त्या रूपात जोडायचे. पाच रूपांना पाच सोडवणारी आणि पाच ओवणारी, मिळून दहा फंक्शनं. सहाव्या रूपासाठी फक्त दोन वाढतात.

हास्केलची केसिंग नावाची छोटी लायब्ररी नेमकं हेच करते. तिच्यात आयडेंटिफायर नावाचा एक टाइप आहे आणि त्याच्या पोटात आहे फक्त शब्दांची यादी. एका बाजूला फ्रॉमस्नेक, फ्रॉमकबाब, फ्रॉमहम्प्स ही नाव सोडवणारी फंक्शनं, दुसऱ्या बाजूला टूस्नेक, टूकबाब, टूकॅमल, टूपास्कल ही जोडणारी. कुठल्या रूपात नाव येईल ते ठाऊक नसेल तर फ्रॉमएनी. दोन्ही बाजूंची फंक्शनं कंपोझ केली, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती दिलं, की रूपांतर तयार.

मधला थांबा घेतल्याचा फायदा नुसता आकडेमोडीपुरता नाही. मध्ये साधी यादी आहे म्हटल्यावर यादीवर जे जे चालतं ते सगळं आपल्याला आयतं मिळतं. या लायब्ररीत ड्रॉपप्रिफिक्स नावाचं फंक्शन आहे. ते यादीतला पहिला शब्द टाकून देतं, बस. दस्तऐवजातलं उदाहरण असं: स्ट्र-टेस्ट-स्ट्रिंग हे तीन शब्द कॅमलमध्ये जोडलेलं नाव घ्या, सोडवा, पहिला शब्द टाका, कबाबमध्ये जोडा, उत्तर टेस्ट-स्ट्रिंग. हास्केलमध्ये याची गरज वारंवार पडते. एकाच मॉड्यूलमधल्या दोन रेकॉर्डना एकाच नावाचं फील्ड देणं मूळ भाषेत जमत नाही, म्हणून फील्डच्या नावाआधी रेकॉर्डचं नाव लावायची पद्धत पडली. जेसन, म्हणजे प्रोग्रामांमध्ये डेटा देण्या-घेण्याचं मजकुरी रूप, लिहिताना ते उपरं नाव नको असतं. रेग्युलर एक्स्प्रेशनांच्या 20 जोड्यांत ही सोय घुसवायची म्हटली असती तर प्रत्येक जोडीत हात घालावा लागला असता. इथे मधोमध एक फंक्शन बसवलं की काम झालं.

जावास्क्रिप्टच्या लोडॅश या लायब्ररीतही हाच सांगाडा आहे, फक्त तो आतल्या बाजूला दडलेला आहे. तिथे क्रिएटकंपाउंडर नावाचं एक अंतर्गत फंक्शन आहे. 'पुढचा शब्द कसा जोडायचा' एवढंच सांगणारं छोटं फंक्शन त्याला द्यायचं, आणि ते रूपांतराचं पूर्ण फंक्शन हातात ठेवतं. आत काय घडतं? अक्षरांवरच्या उच्चारखुणा काढून टाकल्या जातात, अपॉस्ट्रॉफी गाळल्या जातात, शब्द सुटे होतात आणि रिकाम्या स्ट्रिंगपासून सुरुवात करून ते एकेक करून रिड्यूसने (फंक्शनल भाषेत फोल्डने) जोडले जातात. कॅमल, कबाब, स्नेक, सगळी याच एका फोल्डची अपत्यं. लाखो प्रकल्पांत वापरली जाणारी ही फंक्शनं इतक्या कमी ओळींत उभी आहेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

क्लोजरमधल्या कॅमल-स्नेक-कबाब या लायब्ररीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे प्रत्येक फंक्शनचं नाव स्वतःच त्या रूपात लिहिलेलं आहे: स्नेकवाल्याच्या नावात अंडरस्कोर, कबाबवाल्याच्या नावात आडवी रेघ, कॅमलवाल्याच्या नावात मधलं मोठं अक्षर. काय होणार ते नाव वाचतानाच दिसतं.

जोडणं सोपं आहे. जोडणाऱ्या फंक्शनांत चूक व्हायला जागाच थोडी असते. सगळा कस लागतो तो सोडवण्यात. स्नेक आणि कबाबमध्ये सांधा स्वतंत्र चिन्हाने दाखवलेला असतो, तिथे तोडलं की झालं. कॅमलमध्ये सांध्याला स्वतःचं चिन्ह नाही. अक्षराच्या आकारावरून तो ओळखायचा असतो, आणि आकार दुसऱ्याही कारणाने बदलतो: संक्षेपांमुळे.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्राउझरमधलंच आहे. एक्सएमएल, एचटीटीपी, रिक्वेस्ट हे तीन शब्द जोडून केलेल्या त्या नावात एक्सएमएलची तिन्ही अक्षरं मोठी आहेत, पण एचटीटीपीमधला फक्त पहिला एच मोठा. एकाच नावात दोन रिवाज. 'प्रत्येक मोठ्या अक्षराआधी तोडा' हा नियम लावला तर एक्स, एम, एल वेगळे पडतात. 'लहानानंतर मोठं आलं की तोडा' एवढाच लावला तर एक्सएमएल आणि एचटीटीपी चिकटून राहतात. म्हणून तिसरं अक्षरही बघावं लागतं: मोठं, पुन्हा मोठं आणि मग लहान असा क्रम आला, तर दुसऱ्या मोठ्याच्या आधी तोडायचं. एल, एच, टी या क्रमात एचच्या आधी सांधा मिळतो आणि नाव बरोबर सुटतं.

हास्केलच्या एसन या जेसन लायब्ररीच्या इतिहासात हा फरक कायमचा कोरला गेला आहे. तिथे आधी कॅमलटू नावाचं फंक्शन होतं. कॅमल, एपीआय, केस हे तीन शब्द, मधल्या एपीआयची सगळी अक्षरं मोठी, असं नाव त्याला दिलं तर उत्तर येई कॅमल_एपीआयकेस. नंतर कॅमलटू2 आलं, ते कॅमल_एपीआय_केस असं बरोबर सोडवतं. जुन्या फंक्शनचं वागणं सुधारून टाकलं नाही, शेजारी नवं उभं केलं आणि जुन्यावर 'नवं वापरा' अशी खूण लावली. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. या फंक्शनचं उत्तर लोकांच्या साठवलेल्या जेसनमध्ये, दुसऱ्या सेवांबरोबरच्या करारांत जाऊन बसलेलं असतं. ते उद्या 'सुधारलं', तर कोड कंपाइल होईल आणि कालचा डेटा वाचता येणार नाही.

तीन अक्षरांचा नियमही सगळीकडे पुरत नाही. 'यूजर'च्या पुढे आयडीचं अनेकवचन घ्या: आय मोठा, डी मोठा, एस लहान. नियम म्हणतो, मोठं, मोठं, लहान, म्हणजे डीच्या आधी तोडा. उत्तर यूजर_आय_डीएस. आयपीव्ही6 घ्या, त्यात आय आणि पी मोठे, व्ही लहान: इथे आय एकटा पडतो आणि पीव्ही6 वेगळं होतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. फक्त आकार बघून सांधा ओळखायचा म्हटलं की काही नावांचं उत्तर त्या नावात लिहिलेलंच नसतं. वाचणाऱ्याला ते कळतं, कारण त्याला आयडी म्हणजे काय ते आधीपासून माहीत असतं. मग ती माहिती बाहेरून द्यावी लागते, संक्षेपांची यादी म्हणून. माझं ठाम मत आहे की ही यादी फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्यावी. ती कुठेतरी जागतिक सेटिंगमध्ये ठेवली, की एकाच नावाचं उत्तर दोन ठिकाणी दोन येतं आणि कारण हुडकायला दिवस जातो. यादी पहिलं आर्ग्युमेंट, नाव दुसरं. करी केलं, म्हणजे यादी आधीच भरून ठेवली, की आपल्या प्रकल्पापुरतं पक्कं फंक्शन मिळतं आणि ते कुणावर अवलंबून आहे ते सहीतच, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते सांगणाऱ्या ओळीतच, दिसतं.

अंकांचा गुंता थोडक्यात. अॅड्रेस1 या नावात अंकाआधी सांधा आहे का? लोडॅश म्हणतं आहे, आणि अॅड्रेस_1 देतं. रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कचं अंडरस्कोर हे फंक्शन म्हणतं नाही, आणि नाव तसंच ठेवतं. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. पण एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते वापरलं, तर दोन सेवा एकमेकींशी बोलायच्या थांबतात.

आता या साऱ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. स्नेकमधून कॅमल आणि कॅमलमधून पुन्हा स्नेक केलं तर मूळ नाव मिळतं का? बहुतेक जण 'हो' गृहीत धरतात, आणि दस्तऐवज प्रामाणिकपणे 'नेहमी नाही' असं सांगतात. रेल्सच्या दस्तऐवजात उदाहरणच आहे: एसएसएल पूर्ण मोठं असलेलं एसएसएलएरर हे नाव अंडरस्कोर करून पुन्हा कॅमल केलं की फक्त पहिला एस मोठा राहतो. एलिक्सर भाषेच्या दस्तऐवजातही मॅक्रो.अंडरस्कोर आणि मॅक्रो.कॅमलाइझ यांच्याबद्दल हीच सूचना आहे, तिथे एसएपीचं उदाहरण दिलंय. शिवाय सर्वसाधारण मजकुरासाठी ही फंक्शनं वापरू नका, ती भाषेतल्या नावांसाठी आहेत, असंही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. हद्द इतक्या नीट आखणारे दस्तऐवज वाचले की त्या लायब्ररीवरचा माझा विश्वास वाढतो.

परत आल्यावर मूळ नाव मिळावं हा नियम कुठे मोडतो ते शोधायला क्विकचेक या टेस्टिंग लायब्ररीसारखं दुसरं साधन नाही. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी 2000 मध्ये ते हास्केलसाठी मांडलं. आपण नियम लिहायचा: कुठलीही शब्दांची यादी कॅमलमध्ये जोडून पुन्हा सोडवली की तीच यादी मिळाली पाहिजे. क्विकचेक हवी तशी उदाहरणं तयार करून नियम तपासतं आणि तो मोडला तर मोडणारं उदाहरण लहान लहान करत आणतं. या नियमाचं असं आटवलेलं उदाहरण बघण्यासारखं असतं: तीन शब्द, तिन्ही नुसते 'ए'. जोडल्यावर पहिला ए लहान, पुढचे दोन मोठे. सोडवताना ते दोन मोठे एक संक्षेप समजले जातात आणि तीन शब्दांचे दोन होतात. म्हणजे संक्षेप ओळखता यावेत म्हणून घातलेल्या नियमानेच एकाक्षरी शब्दांची ओळख पुसली. संक्षेपाची सोय हवी असेल तर सलग एकाक्षरी शब्द सोडावे लागतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि कितीही हुशार रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं तरी मिळणार नाहीत, कारण दोन वेगळ्या याद्या एकाच स्ट्रिंगवर येऊन पडलेल्या असतात.

मग परतीची खात्री देणारं रूपांतर करता येतच नाही का? येतं, आणि ते प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. एचटीएमएलमध्ये डेटा- ने सुरू होणारी अॅट्रिब्यूट्स कबाबमध्ये असतात आणि जावास्क्रिप्टमधून डेटासेटमार्फत ती कॅमलमध्ये दिसतात. नियम अगदी यांत्रिक आहे: प्रत्येक मोठ्या अक्षराच्या जागी आडवी रेघ आणि तेच अक्षर लहान, परत येताना याच्या उलट. संक्षेपांचा विचार नाही, तीन अक्षरं बघणं नाही. आयडीची दोन्ही अक्षरं मोठी ठेवून यूजरआयडी लिहिलं तर अॅट्रिब्यूट होतं डेटा-यूजर-आय-डी. दिसायला ओबडधोबड, पण परत वाचलं की दोन्ही अक्षरं मोठी असलेलं तेच मूळ नाव मिळतं. आणि कोणी डेटासेटमध्ये रेघ आणि तिच्यापुढे लहान अक्षर असलेलं नाव घालायला गेलं, तर ब्राउझर सरळ सिंटॅक्स एरर देतो. तसं नाव स्वीकारलं असतं तर दोन नावं एका अॅट्रिब्यूटवर पडली असती. थोड्या नावांना दारातच नकार देऊन उरलेल्या सगळ्यांची परतवाट सुरक्षित ठेवली आहे. या विषयात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या नियमाबद्दल.

म्हणून रूपांतराचं फंक्शन निवडताना मी आधी एकच गोष्ट ठरवतो: हे नाव परत यायचं आहे की फक्त माणसाने वाचायचं आहे? परत यायचं असेल तर यांत्रिक नियम, कुरूप दिसला तरी. वाचायचं असेल तर संक्षेप ओळखणारा. एका फंक्शनकडून दोन्हींची अपेक्षा ठेवली की पुढे कधीतरी डेटा हरवतो.

डेटा हरवण्याची सगळ्यात गुपचूप जागा म्हणजे मॅपच्या, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्याच्या, 'की' (त्यातली नावं). एकेका नावाचं रूपांतर करणं वेगळं आणि आख्ख्या ऑब्जेक्टच्या की बदलणं वेगळं. एकाच ऑब्जेक्टमध्ये यूजर_आयडी ही स्नेकमधली की आणि तीच कॅमलमधली की, दोन्ही असतील तर रूपांतरानंतर एकच उरते. कुठली एरर नाही, इशारा नाही, एक किंमत निघून जाते. हास्केलच्या डेटा.मॅपमधल्या मॅपकीज या फंक्शनच्या दस्तऐवजात हे उघड लिहिलेलं आहे: उत्तराचा आकार कमी होऊ शकतो, आणि दोन की एकत्र आल्या तर मूळ कींपैकी मोठ्या कीची किंमत राहते. शेजारीच मॅपकीजविथ आहे, त्याला टक्कर झाल्यावर काय करायचं ते आपण सांगतो. मी मॅपकीजविथच वापरतो. दोन किमतींपैकी कुठली ठेवायची हा निर्णय कींच्या वर्णक्रमावर सोपवावा असं मला कधीच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट याच ठिकाणी. जेसनमधल्या सगळ्या की एकाच जातीच्या नसतात. काही की म्हणजे रेकॉर्डचं फील्ड, आपण कोडमध्ये ठरवलेली. काही की म्हणजे स्वतःच डेटा: भाषेचा कोड, फाइलचं नाव, कोणी टाइप केलेला टॅग. पूर्ण झाडावर डोळे मिटून रूपांतर चालवलं, तर या दुसऱ्या जातीच्या कीसुद्धा बदलतात आणि लोकांनी लिहिलेल्या टॅगांमधले अंडरस्कोर गायब होतात. जेसनच्या पातळीवर दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो टाइपमध्ये, जिथे रेकॉर्ड रेकॉर्ड असतो आणि मॅप मॅप. एसनमधली फील्डलेबलमॉडिफायर ही सोय मला म्हणूनच आवडते. ती फक्त रेकॉर्डच्या फील्डनावांना हात लावते, मॅपच्या कींना नाही.

शेवटी अक्षरांकडे. आत्तापर्यंत 'लहान करा', 'मोठं करा' असं मी सहज म्हणत आलो. पण तेही तितकं सरळ नाही. जर्मन ß मोठं केलं की दोन एस होतात. अक्षर घेऊन अक्षर देणाऱ्या फंक्शनला हे मांडताच येत नाही, त्याचा टाइपच आड येतो. म्हणून हास्केलमध्ये स्ट्रिंगवर अक्षरागणिक टूअपर मॅप करणं आणि डेटा.टेक्स्टचं टूअपर वापरणं यांची उत्तरं वेगळी येतात. दुसरं बरोबर असतं, कारण ते पूर्ण मजकूर घेतं आणि मजकूर देतं. तुर्की लोकॅलमध्ये, म्हणजे यंत्राची भाषा-देशाची सेटिंग तुर्की असताना, मोठा आय लहान केला की बिनटिंबाचा आय मिळतो. नावांचं रूपांतर यंत्राच्या लोकॅलवर अवलंबून ठेवलं, तर तोच प्रोग्राम दुसऱ्या देशात वेगळ्या की लिहील.

आणि देवनागरी. हास्केलमध्ये अक्षर ओळखायला इझअल्फा आहे. युनिकोड ज्यांना 'अक्षर' या वर्गात घालतं त्यांनाच ते हो म्हणतं. आपली काना-वेलांटी, आपला हलन्त, हे युनिकोडमध्ये 'खुणा' या वर्गात येतात. 'जे अक्षर नाही तिथे तोडा' असा साधा नियम लिहिला आणि त्याला 'विद्यार्थी' हा शब्द दिला, तर व, द, य, र, थ असे पाच तुकडे हातात येतात आणि स्नेकमध्ये उत्तर व_द_य_र_थ. ज्याने नियम लिहिला त्याच्या लिपीत ही अडचण कधी समोरच आली नसणार. उपाय छोटा आहे, इझमार्कलाही हो म्हणायचं, पण तो आधी आठवायला हवा. पायथन 3 आणि जावास्क्रिप्ट दोन्ही भाषांत विद्यार्थी_क्रमांक हे चालणारं नाव आहे, त्यामुळे असा इनपुट येऊ शकतो, आणि माझ्या टेस्टच्या जनरेटरमध्ये मी देवनागरी शब्द मुद्दाम घालतो.

मात्रा सांभाळल्या तरी एक प्रश्न उरतो. विद्यार्थी आणि क्रमांक हे दोन शब्द कॅमलमध्ये जोडायचे म्हटले तर मोठं करायला अक्षरच नाही. उत्तर विद्यार्थीक्रमांक, सांधा नाहीसा, आणि परत सोडवायची कुठलीही वाट नाही. सोडवणाऱ्या फंक्शनने मेबी परत द्यावा, म्हणजे 'जमलं नाही' असं म्हणायची त्याला मुभा असावी, हे कुणालाही पटतं. कॅमलमध्ये जोडणाऱ्या फंक्शनलाही मला तीच मुभा हवी आहे. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करूनही जसंच्या तसं राहत असेल, तर त्याने नथिंग, म्हणजे मेबीमधलं 'जमलं नाही' हे उत्तर, द्यावं, आणि स्नेक वापरायचं की नाव बदलायचं ते बोलावणाऱ्याने ठरवावं.